पानशेत : पोत्यांनी दिलेले तास

१२ जुलै १९६१. पानशेतचं मातीचं धरण अजून पुरतं बांधून झालं नव्हतं. आदल्या रात्री खचत्या बांधावर जवानांनी वाळूची पोती रचली. धरण वाचलं नाही. पण ते सकाळी फुटलं, पुणं जागं असताना. रात्री फुटतं तर? कल्पनाही नको. मात्र त्या तासांत नदीकाठच्या पेठांना नीट इशारा गेला नाही, आणि काही जण तर पूर बघायला पुलांवर गेले! पाठोपाठ खडकवासलाही फुटलं. मग नळ कोरडे, आणि वाड्यांतल्या जुन्या विहिरी कामी आल्या.

तुमचे आईवडील मुठेकाठी राहतात? पाणी चढलं तर कुणाच्या वरच्या मजल्यावर जायचं, पिण्याचं पाणी कशात भरून ठेवायचं, हे रविवारच्या फोनवर ठरवून टाका.