थालीपीठ, बटाट्याचे
किसलेला कच्चा वा उकडलेला बटाटा आणि उपवासाची पिठे एकत्र मळून, हाताने थापून तव्यावर भाजलेला फराळाचा पदार्थ. दक्षिण अमेरिकेतील बटाटा सतराव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आला आणि परकीय असूनही पुढे महाराष्ट्रात उपवासाला मान्य झाला (पहा : उपवास, बटाटा). बीड जिल्ह्यात ज्वारीची भाकरी व धपाटे हे नित्याचे अन्न असले, तरी उपवासात ज्वारी वर्ज्य असल्याने एकादशी, नवरात्र आणि परळी वैजनाथ येथे मोठ्या प्रमाणावर साजऱ्या होणाऱ्या महाशिवरात्रीस हे थालीपीठ केले जाते.

कच्चा कीस हवेत काळा पडतो, म्हणून तो पाण्यात ठेवून नंतर घट्ट पिळतात; मात्र पाण्याच्या तळाशी बसलेले सत्त्व (स्टार्च) पीठ बांधून ठेवत असल्याने ते टाकून न देता किसात परत मिसळणे इष्ट असते. त्यात भगरीचे किंवा साबुदाण्याचे पीठ, शेंगदाण्याचे कूट, हिरवी मिरची, जिरे व सैंधव घालून गोळा ओल्या फडक्यावर थापतात, मध्ये भोके पाडून त्यांत तेल वा तूप सोडतात आणि झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजतात. सोबत दही असते. हळद घालत नाहीत.

बेलारूसमधील द्रानिकी हा याच्या जवळचा पदार्थ होय, त्यात कच्च्या किसात बहुधा कांदा घालतात, तो न थापता चमच्याने गरम तेलात सोडून तळतात आणि आंबट सायीबरोबर खातात (पहा : धपाटे, भगर).