टेक्सासचे मतपरिवर्तन

बिली ली ब्रॅमर या लेखकाची 'द गे प्लेस' ही कादंबरी १९६१ साली प्रसिद्ध झाली. ब्रॅमर काही काळ लिंडन जॉन्सन यांच्या कचेरीत नोकरीस होता, आणि कादंबरीतला गव्हर्नर आर्थर फेन्स्टमेकर हा जॉन्सन यांच्याच मुशीतून घडला आहे, हे लपवण्याची त्याने फारशी तसदी घेतलेली नाही. या कादंबरीत राजकारण ओतप्रोत भरले आहे. कुरघोड्या आहेत, सौदे आहेत, तत्त्वनिष्ठांची दमणूक आहे. एक गोष्ट मात्र जवळजवळ नाही, ती म्हणजे विरोधी पक्ष. सारे संघर्ष एकाच पक्षाच्या पोटात चालतात. आजच्या वाचकाला हे खटकेल, आणि तो पक्ष डेमोक्रॅटिक होता हे कळल्यावर अधिकच खटकेल. कारण टेक्सास म्हटले की रिपब्लिकन पक्षाचा अभेद्य गड, हे समीकरण आता आपल्या मनात पक्के बसले आहे.

वस्तुतः टेक्सास तेव्हाही सनातनीच होते. यादवी युद्धानंतर रिपब्लिकन पक्षाचे गव्हर्नर एडमंड डेव्हिस १८७४ मध्ये पायउतार झाले, त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे त्या पक्षाला राज्याची गादी मिळाली नाही. लिंकनचा पक्ष म्हणजे जेत्यांचा पक्ष, ही गोऱ्या टेक्सासवासीयांची धारणा पिढ्यान्‌पिढ्या टिकली. १९०२ मध्ये मतदानासाठी डोईपट्टी आली. दीड-पावणेदोन डॉलरची ही पट्टी नोव्हेंबरातल्या मतदानासाठी जानेवारीअखेरच भरावी लागे. शेतमजुराला दोन्ही अडचणीचे, पैसेही आणि मुदतही. शिवाय पक्षांतर्गत निवडणुकीत (जी तिथे 'प्रायमरी' म्हणून ओळखली जाते) कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता. खरी निवडणूक तीच असल्यामुळे नोव्हेंबरातले मतदान हा निव्वळ उपचार उरे. ही बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये 'स्मिथ विरुद्ध ऑलराइट' या खटल्यात मोडून काढली.

अशा राज्याला दुसऱ्या पक्षाकडे वळवण्याचे दोन मोठे प्रयत्न झाले. एक सफल झाला, दुसरा १९९४ नंतर तीस वर्षे उलटली तरी राज्यपातळीवर यशाच्या दाराशीच घुटमळत राहिला. पहिला रिपब्लिकनांचा, दुसरा डेमोक्रॅटांचा. पण आम्हाला विशेष वाटते ते हे, की पहिल्या प्रयत्नाला हातभार लावणाऱ्यांत डेमोक्रॅटिक पक्षातले उदारमतवादीही होते.

हा प्रकार ब्रॅमरची कादंबरी आली त्याच वर्षी घडला. जॉन्सन उपाध्यक्ष झाल्यामुळे त्यांची सिनेटची जागा रिकामी झाली. पोटनिवडणुकीत सत्तरच्या आसपास उमेदवार उभे राहिले आणि अखेरची लढत विल्यम ब्लेकली आणि जॉन टॉवर यांच्यात झाली. ब्लेकली डेमोक्रॅट खरे, पण विचाराने टॉवर यांच्याइतकेच सनातनी. तेव्हा अनेक उदारमतवादी मंडळी घरी बसली, काहींनी तर चक्क टॉवर यांना मत दिले. त्यांचा हिशेब असा होता : रिपब्लिकन पक्ष उभा राहिला तर सनातनी लोक आपल्या पक्षातून उठून तिकडे जातील, आपला पक्ष शुद्ध होईल आणि राज्यात खरे द्विपक्षीय राजकारण सुरू होईल. टॉवर सुमारे दहा हजार मतांनी निवडून आले. १९६६ मध्ये वॅगनर कार यांच्याविरुद्धही कित्येक उदारमतवाद्यांनी पुन्हा हाच डाव टाकला.

हिशेबाचा पहिला भाग अक्षरशः खरा ठरला. सनातनी लोक गेले. फक्त जाताना ते राज्यही बरोबर घेऊन गेले.

अर्थात हे एका रात्रीत झाले नाही. १९५२ मध्येच डेमोक्रॅटिक गव्हर्नर ॲलन शिव्हर्स यांनी आयसेनहॉवर यांचा उघड प्रचार केला होता. राष्ट्राध्यक्ष रिपब्लिकन आणि बाकी सारे डेमोक्रॅट, अशी सवय मतदारांना तेव्हापासून लागली. १९७० मध्ये उदारमतवाद्यांचा आधारस्तंभ असलेले सिनेटर राल्फ यारबरो स्वपक्षाच्याच प्रायमरीत लॉइड बेन्टसन यांच्याकडून हरले. म्हणजे शुद्धीकरण लांबच राहिले. १९७३ मध्ये माजी गव्हर्नर जॉन कॉनली यांनी पक्ष बदलला. १९७८ मध्ये बिल क्लेमेंट्स सतरा हजारांहून कमी मतांनी का होईना, पण गव्हर्नर झाले. १९८३ मधला फिल ग्रॅम यांचा प्रसंग तर आपल्याकडच्या वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. त्यांनी काँग्रेसच्या जागेचा राजीनामा दिला, रिपब्लिकन म्हणून त्याच जागेवर पोटनिवडणूक लढवली आणि महिना-दीड महिन्यात ते परत सभागृहात आले. भारतात पक्षांतरबंदी कायदा त्यानंतर दोन वर्षांनी, १९८५ मध्ये आला. ग्रॅम यांना तसे बंधन नव्हते, तरी त्यांनी मतदारांना विचारले. १९९४ मध्ये जॉर्ज बुश (धाकटे) यांनी ॲन रिचर्ड्स यांना हरवले आणि १९९८ पर्यंत राज्यव्यापी मतदानाने भरले जाणारे प्रत्येक पद रिपब्लिकनांकडे गेले.

या पालटात मतदारांचे विचार फारसे पालटले नाहीत, हे ध्यानात घेतले पाहिजे. जो मनुष्य १९५० साली सनातनी डेमोक्रॅट होता, तो किंवा त्याचा मुलगा १९९० साली सनातनी रिपब्लिकन झाला. पाटी बदलली, घर तेच.

दुसरा प्रयत्न याहून अवघड होता, कारण त्याला माणसे मुळात मतदानापर्यंत आणायची होती. त्याची पाळेमुळे दक्षिणेकडे, मेक्सिकोच्या सीमेलगतच्या मुलखात आहेत. तिथे मेक्सिकन वंशाच्या लोकांची मते पूर्वापार पडत होती, पण ती 'पात्रोन' म्हणजे जमीनदार-मालक सांगेल तशी. जॉन्सन १९४८ ची सिनेटची प्रायमरी ८७ मतांनी जिंकले, ती जिम वेल्स काउंटीतल्या तेराव्या मतपेटीच्या कृपेने. मागाहून भर घातलेल्या २०२ जणांची नावे एकाच शाईत आणि चक्क वर्णानुक्रमे लिहिलेली होती. रॉबर्ट कॅरो यांनी जॉन्सनचरित्राच्या दुसऱ्या खंडात हे प्रकरण सविस्तर मांडले आहे, ते मुळातून वाचावे. त्या यादीत माणसांची नावे होती; माणसांचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

ही यादी जिवंत करण्याचे काम पुढच्या पिढीने केले. क्रिस्टल सिटी या पालकाच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात १९६३ मध्ये डोईपट्टी भरण्याची मोहीम झाली आणि मेक्सिकन वंशाचे पाच उमेदवार नगरपरिषदेच्या पाचही जागांवर निवडून आले. १९६९ मध्ये तिथल्या शाळेतल्या मुलांनी भेदभावाविरुद्ध वर्गांवर बहिष्कार टाकला; त्यातूनच 'ला रासा उनिदा' हा स्वतंत्र पक्ष जन्मला. १९७२ मध्ये त्याच्या उमेदवाराने गव्हर्नरपदासाठी सहा टक्के मते घेतली. १९७४ मध्ये सॅन अँटोनिओत विली व्हेलास्केस यांनी मतदारनोंदणीची संस्था काढली. तिचे घोषवाक्य स्पॅनिश होते आणि त्याचा अर्थ 'तुमचे मत म्हणजे तुमचा आवाज' असा होता.

आम्ही मराठीचे अध्यापक, त्यामुळे इथे थबकणे भाग आहे. मराठीत 'मत' हा एकच शब्द पेटीत टाकायच्या कागदालाही चालतो आणि मनातल्या विचारालाही. इंग्रजीत हे दोन शब्द वेगळे आहेत, आणि टेक्सासमधल्या नंतरच्या रणनीतिज्ञांनी ते वेगळेच ठेवले. व्हेलास्केस यांचे कार्यकर्ते रस्ता, गटार, शाळा यांची विचारपूस करीत आणि मग नोंदणीचा अर्ज पुढे करीत. ते १९८८ मध्ये अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी वारले. त्यांच्यामागे अर्ज राहिले, विचारपूस क्षीण होत गेली.

तिची जागा लोकसंख्येच्या अंकगणिताने घेतली. २००२ मध्ये जॉन ज्यूडिस आणि रुय टेक्सेरा यांचे उद्याच्या डेमोक्रॅटिक बहुमताविषयीचे पुस्तक आले. अल्पसंख्याकांची वाढती संख्या हा त्यातल्या युक्तिवादाचा एकच भाग होता, पण घाईच्या वाचकांनी तेवढाच उचलला. त्याच वर्षी टेक्सासमध्ये डेमोक्रॅटांनी लारेडोचे धनाढ्य उद्योजक टोनी सान्चेस यांना गव्हर्नरपदासाठी आणि डॅलसचे कृष्णवर्णीय महापौर राहिलेले रॉन कर्क यांना सिनेटसाठी उभे केले. सान्चेस यांनी स्वतःचे कोट्यवधी डॉलर ओतले आणि ते सुमारे अठरा टक्क्यांनी हरले. २०१३ मध्ये ओबामांच्या प्रचारयंत्रणेतल्या जेरेमी बर्ड यांनी 'बॅटलग्राउंड टेक्सास' काढली. तिथल्या कायद्याने नोंदणी करणाऱ्या स्वयंसेवकाला काउंटीगणिक वेगळी नेमणूक घ्यावी लागते आणि भरलेला अर्ज पाच दिवसांत पोचता करावा लागतो. राज्यात २५४ काउंट्या आहेत. या कटकटीतूनही हजारो स्वयंसेवक उभे राहिले. तरी २०१४ मध्ये वेंडी डेव्हिस वीस टक्क्यांनी पडल्या. चार वर्षांपूर्वीचे उमेदवार बिल व्हाइट तेराच टक्क्यांनी पडले होते.

आशेची वर्षेही आली, ती नाकारण्यात अर्थ नाही. २०१८ मध्ये बेटो ओरूर्क सर्व २५४ काउंट्यांत स्वतः गेले आणि टेड क्रूझ यांच्याशी जेमतेम अडीच टक्क्यांच्या फरकाने हरले. त्याच वर्षी ह्यूस्टनच्या उपनगरी मतदारसंघात श्री प्रेस्टन कुलकर्णी हे आपल्याला परिचित आडनावाचे उमेदवार होते. त्यांचे वडील वेंकटेश कुलकर्णी हे 'नेकेड इन डेक्कन' या इंग्रजी कादंबरीचे लेखक आणि राइस विद्यापीठातले अध्यापक. मुलाच्या प्रचारात कार्यकर्ते आपापल्या ओळखीच्यांना, त्यांच्याच भाषेत फोन करीत. भाषांची संख्या डझनावर गेली होती. कुलकर्णी पाच टक्क्यांनी आणि २०२० मध्ये पुन्हा उभे राहिल्यावर सात टक्क्यांनी हरले. तरीही सगळ्या मोहिमांत आम्हाला ही पद्धत व्हेलास्केस यांच्या सर्वांत जवळची वाटते.

आणि मग स्टार काउंटी. सीमेलगतच्या या काउंटीत सुमारे ९७ टक्के लोक लॅटिनो आहेत. अंकगणित खरे असते, तर डेमोक्रॅटांना इथे पाऊलही ठेवावे लागले नसते, आणि बहुधा म्हणूनच त्यांनी ते फारसे ठेवले नाही. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना इथे सुमारे ७९ टक्के मते मिळाली, २०२० मध्ये बायडन यांना ५२. २०२४ मध्ये ट्रम्प जिंकले. १८९२ नंतर इथे राष्ट्राध्यक्षपदाचा रिपब्लिकन उमेदवार प्रथमच पुढे गेला. या मुलखात सीमासुरक्षा दलाची नोकरी म्हणजे स्थिर पगार आणि विमा, अनेकांची उपजीविका खनिज तेलावर, चर्च घरातलेच, महागाईची झळ मोठी. स्थलांतरितांविषयी कळवळा दाखवला की लॅटिनो मते येणारच, असे दूरच्या कचेऱ्यांत धरून चालले होते. पण कळवळ्याचा विषय म्हणजे आपण, हे त्या मतदारांना मान्यच नव्हते. त्यांना स्वतःचे मत होते, दुसऱ्या अर्थाने.

सीमेवरच्या ब्राउन्सव्हिल गावी जन्मलेल्या अमेरिको पारेदेस यांनी हे फार आधी पाहिले होते. 'जॉर्ज वॉशिंग्टन गोमेस' ही कादंबरी त्यांनी १९३० च्या दशकात लिहिली. ती छापून यायला १९९० साल उजाडले. तिचा नायक ग्वालिंतो हा आपल्या लोकांचा पुढारी व्हावा, म्हणून घरच्यांनी त्याला पोटाला चिमटा घेऊन शिकवलेले असते. शेवटी तो गावी परततो. बालमित्र नगराच्या निवडणुकीसाठी लोकांना संघटित करीत असतात आणि त्याने पुढे व्हावे अशी त्यांची अपेक्षा असते. तो त्यांची खिल्ली उडवतो. तोवर तो अमेरिकन सैन्याच्या हेरखात्यात अधिकारी झालेला असतो, आणि त्याची नेमणूक त्याच सीमेवर असते.