फेडाफेड

गेल्या महिन्यात माझ्या पर्सनल लोनचा शेवटचा हप्ता गेला. बँकेचा एसेमेस आला तेव्हा मी भाजी घेत होतो. पाच वर्षं ज्याची वाट पाहिली तो मेसेज आला, आणि मी मेथीची जुडी हातात धरून नुसताच उभा! भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "घेताय की ठेवताय?" घेतली.

घरी येऊन याडीला फोन केला. (नवीन वाचकांसाठी: आम्ही बंजारा, घरी गोरमाटी बोलतो, याडी म्हणजे आई.) ती म्हणाली, "बरं झालं. आता पोहरादेवीला चल, माझा नवस आहे." कसला नवस? तर माझं कर्ज फिटू दे म्हणून तिने जगदंबेला बोकड कबूल केला होता. कुणालाही न सांगता! मी बोकडाचे भाव विचारले आणि गप्प बसलो. एक कर्ज फिटलं म्हणून दुसरं काढायची पाळी.

पुण्याहून वाशिमकडे जाताना रात्रभर बसमध्ये हा 'फेडणे' शब्द डोक्यात घोळत होता. कर्ज फेडतात, नवस फेडतात, आईबापाचे पांग फेडतात. आणि नेसलेलं लुगडंही फेडतात. म्हणजे मुळात गाठ सोडायची. आमच्या घरात चार पिढ्या कोणती ना कोणती गाठ सोडण्यातच गेल्या, म्हणून म्हटलं एकदा हे सगळं लिहून काढू.

पोहरादेवी मानोरा तालुक्यात. सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे. (त्यांचा जन्म 1739 चा मानतात.) देशभरचे बंजारे येतात, म्हणून बंजारा काशी म्हणतात. 5 ऑक्टोबर 2024 ला इथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. पंतप्रधान आले होते, त्यामुळे टीव्हीवर तुम्ही पाहिलं असेलच. आम्ही लहानपणी जायचो ते मात्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून, रामनवमीला.

संग्रहालय बघताना मनात एकच येत होतं, की हे लोक कर्जबाजारी नव्हते हो! उलट दुसऱ्यांचा माल यांच्या भरवशावर चालायचा. लदेणी हा आमचा धंदा. बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून मीठ, धान्य, कापूस शेकडो मैल न्यायचा. सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच व्यापारी हिंदुस्थानात फिरला, त्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे रस्त्यात पाहिल्याचं लिहून ठेवलंय. वऱ्हाडचा कापूस पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत बैलांवरून जायचा. पुढे 1867 ला आगगाडी नागपूरला पोचली. जो माल न्यायला तांड्याला महिने लागायचे तो दिवसांत जाऊ लागला. 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि फिरणारा माणूस म्हणजे चोर असं सरकारनेच ठरवून टाकलं. (तो कायदा रद्द व्हायला 1952 उजाडलं.) बैल विकले, तांडे जिथल्या तिथे बसले. हलक्या जमिनी, पावसावरची ज्वारी-कापूस, आणि दारात सावकार.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. आपलं अख्खं वऱ्हाड एकेकाळी कर्जापायी गेलेलं आहे! निजामाकडे इंग्रजांच्या फौजेचा खर्च थकला, म्हणून 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. 1860 मध्ये निजामाचं 50 लाखांचं कर्ज माफ झालं. मग वऱ्हाड परत मिळायला हवं ना? नाही मिळालं. 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला 25 लाख रुपये ठरवून ते कायमच्या पट्ट्यावरच घेतलं. कर्ज संपलं, गहाण सुटलंच नाही. गावोगावच्या सावकारांनी वेगळं काय केलं?

असो. आता आजीची गोष्ट.

आमच्या लग्न झालेल्या बायका कानशिलांवर केसांत घुगरी-टोपली घालतात, चांदीची. आजीची 1972 मध्ये गहाण पडली. ओळीने पाऊस दगा देत होता, त्यातलं ते सगळ्यात वाईट वर्ष. सरकारी कामं निघाली, 1973 च्या मे महिन्यात राज्यभरात जवळजवळ 50 लाख लोक दुष्काळी कामांवर होते, खडी फोडत होते, पाझर तलाव खोदत होते. पण काम आमच्या तांड्याजवळ येईपर्यंतचे दिवस चांदीवर निघाले. सावकाराने ती फडक्यात बांधली, वर चिठ्ठी लावली आणि पेटीत टाकली. धान्य सवाईने मिळायचं. म्हणजे जूनमध्ये एक पायली ज्वारी घेतली की दिवाळीनंतर सव्वा पायली द्यायची. नड मोठी असेल तर दिडी, म्हणजे एकाची दीड.

मी एकदा हिशोब केला. सवाई म्हणजे पाच-सहा महिन्यांत पंचवीस टक्के, महिन्याला साधारण चार ते पाच. माझं क्रेडिट कार्ड घ्यायचं महिन्याला साडेतीन. सावकाराची पेटी आणि माझं पाकीट, चुलतभाऊच की हे!

ऑगस्ट 1975 मध्ये वटहुकूम निघाला. छोटे शेतकरी, शेतमजूर, कारागीर यांची सावकारी कर्जं रद्द, आणि गहाण ठेवलेल्या वस्तू परत करायच्या. त्याचा पुढे कायदा झाला, महाराष्ट्र कर्जमुक्ती कायदा. सावकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण 1977 मध्ये न्या. कृष्णा अय्यर यांनी लिहिलेल्या निकालाने कायदा टिकला. तेव्हा वसंतराव नाईक नुकतेच मुख्यमंत्रिपदावरून गेले होते. (1963 ते 1975, सलग अकरा वर्षं! पुसदजवळच्या गहुलीचे, आमच्याच समाजाचे. तांड्यातल्या निम्म्या घरांत आजही त्यांचा फोटो आहे.)

कायद्याने आजीची पुरचुंडी परत आली. तांड्यात पेढे वाटले म्हणे. आणि पुढच्या जूनमध्ये बियाणं घ्यायला आजोबा त्याच दारात गेले तेव्हा सावकार हात जोडून म्हणाला, "आम्ही आता सावकारी बंद केली बरं का." सोसायटीचं कर्ज मिळायला सातबारा नावावर हवा, तो भावकीत अडकलेला. शेवटी दुसऱ्या एकाने दिले, कागद न करता, दिडीने. तारण? तीच घुगरी-टोपली! आजी हे सांगताना हसायची. "सरकारने सोडवली, पावसाने परत नेली."

मला वाटतं, कर्जमाफीबद्दल आपण जे तावातावाने भांडतो त्यात हा भाग राहून जातो. 2008 झालं, 2017 झालं, 2019 झालं. 2008 मध्ये तर पूर्ण माफीला पाच एकरांची अट होती, आणि आमच्याकडे कोरडवाहू दहा एकरवालाही गरीबच असतो. तो वगळला गेला. माफी नको असं मी म्हणत नाही. ज्याची चांदी आत आहे त्याला विचारा, हवीच. पण माफीने मागचं पुसतं. जून ते दिवाळी हे महिने तसेच पुढे उभे असतात.

ते महिने भरून निघाले रोजगार हमीने. योजना 1972 ची, वि. स. पागे यांची. कायदा 1977 चा, आणि 1979 पासून काम मागणं हा हक्क झाला. काम मोजून पैसे, बाईला आणि गड्याला एकच दर. आजीच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा पगार आला तो मातीच्या ढिगाऱ्यावर बसून. शेतातला कापूस एकाधिकार योजनेत गेला की चुकारे कधी येतील त्याचा नेम नाही, हा पैसा मात्र पेरणी बुडाली तरी यायचा.

आणि इथे आजीने जे केलं त्यावरून घरात भांडण झालं. पहिल्या काही पगारांतून तिने सावकाराला एक पैसाही दिला नाही. शेळी घेतली. आजोबा तापले. डोक्यावर दिडीचं कर्ज आणि हिला शेळी सुचतेय! आजीचं म्हणणं, पोरं रोज आजारी पडतात, दवाखान्याला पुन्हा उसने आणावे लागतात, ते आधी थांबू दे. शेळीचं दूध पोरांच्या पोटात गेलं, वर्षभराने पाठी विकल्या, मग सावकाराकडे हप्ते सुरू झाले. लिहिता येत नव्हतं, म्हणून चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघा. दिवाळीत सगळं घर सारवायची, तेवढा तुकडा सोडून. आजोबांनी दारू सोडली पोहरादेवीला शपथ घेऊन, सेवालाल महाराजांच्या शिकवणीत दारू बसत नाही म्हणून. तीन वर्षांनी पुन्हा धरली. मग पुन्हा सोडली. (काका, राग मानू नका, हे सगळ्यांना माहीत आहे.) बाबांना आश्रमशाळेत घातलं, तिथे जेवण मिळायचं हे मुख्य कारण. तेच बाबा पुढे शिक्षक झाले. 1983 मध्ये चांदी घरी आली. एक घुगरी कमी होती. विचारायची सोय नव्हती, कागदच नव्हता ना.

या रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला गेला, मुंबई-पुण्यातल्या पगारदारांवर. माझ्या पगारपत्रकात तो अजून असतो, दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत 300. वर्षानुवर्षं मी त्या रकान्याकडे वैतागून पाहिलंय. आजीची शेळी कुठल्यातरी कारकुनाच्या तशाच 200 रुपयांतून, म्हणजे त्या काळच्या दोन-पाच रुपयांतून आलेली, हे मला चाळिशीत कळलं.

माझी कहाणी त्यामानाने फुसकी आहे. बहिणीचं लग्न, हॉल, डीजे, चार गावं जेवायला. बाबा नको म्हणत होते, मीच ऐकलं नाही. साडेसहा लाखांचं लोन आणि दोन कार्डं. पहिलं वर्ष मी शूर झालो होतो. दूध बंद, गावी जाणं बंद, दुपारी वडापाव. बायकोला पूर्ण आकडा सांगितलाच नव्हता! वर्षाअखेर अ‍ॅसिडिटी, रक्तदाब आणि दवाखान्याचं बिल, तेही कार्डावर. तेव्हा आजीची शेळी आठवली. एका रविवारी बायकोसमोर वही उघडली. ती दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःचा पेन घेऊन बसली. दूध परत सुरू. घरचा डबा. ऑफिसला जाता-येता चालायचं, रिक्षा बंद. रविवारी मी दोन दुकानांचे हिशोब लिहू लागलो. आधी साडेतीन टक्केवाली कार्डं, मग लोन. वजन सहा किलो उतरलं आणि झोप यायला लागली. ज्यांच्या लग्नात पाकिटात एकशे एक रुपये निघाले त्यांनी आता समजून घ्यावं.

पण हे ज्ञान मी माझ्या चुलतभावाला देऊ शकत नाही. तो आणि वहिनी ऊसतोडीला जातात. मुकादम दसऱ्याआधी उचल देतो, मग दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत दोघांचा मिळून एक कोयता. एक दिवस खाडा झाला की दंड. हंगामात उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर. बीड जिल्ह्यात 2019 मध्ये सरकारी समितीने 82 हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात 13 हजारांहून जास्त बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीचा खाडा नको हे त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं. तिथे कुणाला डबा आणि चालण्याच्या गोष्टी सांगू? वहिनीला मी विचारलं, उचल किती घेतली आणि किती फिटली. तिला माहीत नव्हतं. भावालाही नक्की माहीत नव्हतं. सगळं मुकादमाच्या वहीत.

तर नवस. याडीने जगदंबेला नारळ वाहिला, सेवालाल महाराजांना गोडाचा नैवेद्य दाखवला. त्यांना गोडच चालतं. आणि देवीसमोर हात जोडून चांगलं मोठ्याने म्हणाली, "बोकडाचं नंतर बघू." बळी देऊ नका असं तिथे वर्षानुवर्षं सांगितलं जातंय, तिला ते पटतंही, पण शब्द दिलाय ना! बाबांनी विचारलं, "नंतर म्हणजे कधी?" ती म्हणाली, "रामनवमीला बघू." म्हणजे माझ्या नावावर एक बोकड अजून बाकी आहे.

येताना तांड्यावर एक रात्र राहिलो. जुनं घर पडलंय, चुलीमागची भिंत तेवढी अर्धी उभी आहे. रेघा कधीच गेल्या. वहिनी बाजरीच्या भाकरी करत होती. निघताना मी तिला एक शंभर पानी वही आणि पेन दिलं आणि पहिल्या पानावर तारीख घातली. मुकादम यायला अजून तीन आठवडे आहेत. पहिली नोंद तिने उचल हातात पडेल त्या दिवशी करायची असं ठरलंय, आणि रात्री मला फोन करून आकडा वाचून दाखवायचा.