मनाची संरक्षण यंत्रणा

असह्य ताण, भीती वा अपराधीपणा यांपासून बचाव करण्यासाठी मन नकळत ज्या युक्त्या योजते, त्यांना मानसशास्त्रात 'संरक्षण यंत्रणा' म्हणतात. सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९४ मध्ये ही कल्पना मांडली. त्यांची कन्या अ‍ॅना फ्रॉइड यांनी १९३६ च्या ग्रंथात तिचे पद्धतशीर विवेचन केले.

क्लेशदायक आठवण अबोध मनात ढकलली जाणे म्हणजे दमन. स्वतःतील दोष दुसऱ्यात दिसणे हे प्रक्षेपण. कचेरीतील अपमानाचा राग घरी मुलांवर निघणे हे विस्थापन. मराठीत यालाच 'वड्याचे तेल वांग्यावर' म्हणतात. हुकलेली बढती मुळात नकोच होती, अशी मनाची समजूत घातली जाणे म्हणजे समर्थन, अर्थात कोल्ह्याला द्राक्षे आंबट.

या युक्त्या म्हणजे विकार नव्हेत. आप्ताच्या मृत्यूची वार्ता ऐकताच 'हे खरे नाही' असे वाटते, तेव्हा आघात पचविण्यासाठी मनाला थोडा अवधी मिळतो. मात्र छातीतील कळ पित्ताची म्हणून अंगावर काढली, तर हाच नकार जिवावर बेततो.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट यांनी १९७७ च्या ग्रंथात या यंत्रणांची चार स्तरांत विभागणी केली. विनोदबुद्धी, परोपकार आणि क्षोभाला कलेत वा कामात वाट देणारे उदात्तीकरण यांना त्यांनी परिपक्व मानले.

या यंत्रणा नकळत चालत असल्याने ज्याच्या त्याला सहसा उमगत नाहीत. एकच सबब वारंवार पुढे येत असल्याचे जवळच्या माणसाने निदर्शनास आणले, तर ते ऐकून घेणेच हिताचे.