‘--फोर्स-विथ-लीज’ या पर्यायावरील भाष्य

गिटच्या पुश आज्ञेला हा पर्याय १.८.५ आवृत्तीत (२०१३) मिळाला. त्याचा नियम मराठीत मांडून ओळीओळीने पाहू.

‘तपशील न देता पर्याय दिल्यास, सर्व्हरवरील ब्रँच आपल्याकडील रिमोट-ट्रॅकिंग ब्रँचशी जुळली तरच ती बदलली जाईल.’

रिमोट-ट्रॅकिंग ब्रँच म्हणजे ‘ओरिजिन/फीचर’ ही स्थानिक नोंद. सर्व्हर शेवटचा पाहिला तेव्हा तिथे कोणता कमिट होता, हे ती सांगते. पण पाहिला कोणी? इथे कर्ता गिट आहे, तू नाहीस. नियमाचा एक अर्थ असा करतात की दुसऱ्याचे काम पुसले जाणार नाही. शब्द तेवढे देत नाहीत. दोन नोंदी सारख्या असाव्यात, एवढीच अट आहे.

‘पार्श्वभूमीत आपोआप फेच चालत असेल, तर हा पर्याय धोक्याचा ठरतो.’

समज, तू फीचर ब्रँच रिबेस करत आहेस. तेवढ्यात सहकारिणीने त्याच ब्रँचवर कमिट पुश केला. व्हीएस कोडमध्ये ऑटोफेच चालू केले, की ठरावीक वेळाने फेच होतो. मुळातली सेटिंग १८० सेकंदांची. फेच तुझ्या फायलींना हात लावत नाही, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. पण ‘ओरिजिन/फीचर’ आता तिच्या कमिटवर सरकली. तू पुश करतोस, नोंदी जुळतात, पुश यशस्वी होतो आणि तिचा कमिट ब्रँचवरून जातो. याचा अर्थ, पुरावाच बदलला. तपासणी मात्र नियमाप्रमाणेच झाली.

‘अपेक्षित मूल्य स्वतः देता येते.’

म्हणजे ‘=फीचर:’ यापुढे कमिटचा हॅश लिहायचा. मग ट्रॅकिंग ब्रँच विचारात घेतलीच जात नाही. अपूर्णविरामाच्या (:) चिन्हापुढे काही नसेल, तर अर्थ होतो: ही ब्रँच सर्व्हरवर असताच कामा नये. चिन्हही गाळले, की पुन्हा पहिला नियम लागू. स्क्रिप्ट लिहिताना हे एक चिन्ह जपावे.

‘--फोर्स-इफ-इन्क्लूड्स’

हा २.३० आवृत्तीत (२०२०) आला. ट्रॅकिंग ब्रँचचे टोक तुझ्या ब्रँचच्या रिफ्लॉगमधील एखाद्या नोंदीपासून गाठता येते का, म्हणजे ते काम तुझ्याकडे कधी सामावले होते का, हे तो पाहतो. शंका येईल: हॅशही द्यावा आणि हाही लावावा का? लावून उपयोग नाही. हॅश दिला की हा निष्क्रिय होतो. लीजशिवाय एकटा दिला तरीही.

माझ्या मते हॅश देणे श्रेष्ठ. मात्र तो रिबेसआधी, स्वतः पाहिलेल्या कमिटचा टिपून ठेव. पुशच्या क्षणी ‘ओरिजिन/फीचर’वरून काढलास, तर पहिल्याच नियमाचा धोका परत येतो.