दट्ट्या व झडप

नळकांड्यात घट्ट बसून मागेपुढे सरकणाऱ्या भागास दट्ट्या किंवा पिस्टन म्हणतात. वायूचा अथवा द्रवाचा मार्ग उघडणाऱ्या, बंद करणाऱ्या किंवा वळवणाऱ्या भागास झडप किंवा व्हॉल्व्ह म्हणतात. एंजिनात ही दोन कामे वेगवेगळे भाग करतात. ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यात मात्र दट्ट्या हीच झडप असते.

एंजिनातील कार्य

निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये चार धावांचे एंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. चोषण, संपीडन, शक्ती व उत्सर्जन या त्यातील चार धावा होत. पेट्रोल एंजिनात शक्तिधावेच्या वेळी जळणाऱ्या मिश्रणाचा दाब दट्ट्याला खाली ढकलतो. ही सरळ रेषेतील गती कनेक्टिंग रॉडमार्फत क्रँकशाफ्टला मिळून तिचे चक्रगतीत रूपांतर होते. दट्ट्याभोवतीच्या कड्या वायूची गळती रोखतात.

झडपा कॅमशाफ्टमुळे उघडतात व स्प्रिंगमुळे मिटतात. संपीडनात व ज्वलनाच्या वेळी त्या पूर्ण मिटलेल्या असणे आवश्यक असते. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या एंजिनातील प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते.

पितळी वाद्यांतील कार्य

झडपा नसलेल्या तुतारीसारख्या वाद्यातून नैसर्गिक स्वरमालिकेतील मोजकेच स्वर निघतात. हाइनरिख श्टोल्त्सेल व फ्रीडरिख ब्ल्यूमेल यांना १८१८ मध्ये प्रशियात झडपेचे एकस्व मिळाले. आजच्या ट्रम्पेटमधील झडपेची रचना पॅरिसमधील फ्रांस्वा पेरिने यांनी १८३० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केली.

या दट्ट्यात आरपार भोके असतात. दट्ट्या वर असताना हवेचा मार्ग सरळ जातो. बोटाने दाबताच तो जादा नळीतून वळतो. हवेचा स्तंभ लांबल्याने स्वर उतरतो. दुसरी झडप अर्धा स्वर, पहिली एक स्वर, तर तिसरी दीड स्वर उतरवते. दट्ट्या सोडताच स्प्रिंग त्याला पुन्हा वर आणते. येथे दट्ट्या शक्ती निर्माण करत नाही, केवळ वाट बदलतो.

स्वरातील त्रुटी

झडपा एकत्र दाबल्यास स्वर अपेक्षेपेक्षा चढा लागतो. ट्रम्पेटची नळी सुमारे १४८ सेंमी असते. ती तीन स्वरांनी उतरवण्यास सुमारे ६१ सेंमी जादा नळी लागते. परंतु स्वतंत्रपणे जुळवलेल्या तिन्ही नळ्यांची बेरीज सुमारे ५५ सेंमीच भरते. कारण प्रत्येक नळीची लांबी मूळ नळीच्या प्रमाणात ठरवलेली असते, आधीच लांबलेल्या नळीच्या नव्हे. म्हणून वादक तिसऱ्या झडपेची सरकनळी बाहेर ओढून स्वर सुधारतो. युफोनियम व ट्यूबा या मोठ्या वाद्यांसाठी डेव्हिड ब्लेकली यांनी १८७४ मध्ये एकस्व घेतलेली पूरक नळ्यांची योजना ही तूट आपोआप बऱ्याच अंशी भरून काढते.