लांडग्याची साक्ष

लोककथांचे अभ्यासक जोसेफ जेकब्स यांनी १८९० साली लंडनमध्ये ‘इंग्लिश फेअरी टेल्स’ हा संग्रह काढला. त्यातली डुकराच्या तीन पिल्लांची गोष्ट जशीच्या तशी ऐकवली, तर आजची मुलं दचकतील. कच्ची घरं बांधणाऱ्या दोघा भावांना लांडगा खाऊन टाकतो. विटांच्या घरातलं तिसरं पिल्लू धुराड्यातून उतरणाऱ्या लांडग्याला उकळत्या पाण्यात शिजवतं आणि रात्रीच्या जेवणाला फस्त करतं! १९३३ मध्ये वॉल्ट डिस्नेच्या कार्टूनपटाने पहिल्या दोघांचे प्राण वाचवले आणि लांडग्याला पोळून पळवून लावलं. गोष्ट मवाळ झाली, पण तीही पिल्लांच्याच बाजूने सांगितलेली.

लांडग्याला बोलू दिलं ते जॉन शेस्का यांनी. न्यूयॉर्कमध्ये प्राथमिक शाळेत शिक्षक राहिलेला हा माणूस. त्यांचं हस्तलिखित अनेक प्रकाशकांनी परत केलं. अखेर १९८९ मध्ये व्हायकिंगने ‘द ट्रू स्टोरी ऑफ द थ्री लिटल पिग्ज’ छापलं.

पुस्तकात अलेक्झांडर टी. वुल्फ स्वतःची कैफियत मांडतो. आजीच्या वाढदिवसाच्या केकसाठी वाटीभर साखर मागायला तो शेजारी गेला. सर्दी झालेली, शिंक आली आणि गवताचं घर कोसळलं. आत पिल्लू मरून पडलेलं. आयतं जेवण वाया कशाला घालवायचं? दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्याने आजीला नावं ठेवली, तेव्हा याचा तोल गेला. तेवढ्यात पोलीस आले आणि वार्ताहरांनी बातमीला तिखटमीठ लावलं.

बिचारा, असं म्हणावंसं वाटतं. पण लेन स्मिथ यांची चित्रं नीट पाहावीत. चष्मा आणि बो टाय लावलेला हा सभ्य गृहस्थ केकचं मिश्रण ढवळतोय आणि भांड्यातून सशाचे कान बाहेर आलेत! मजकुरात नसलेला पुरावा चित्रात आहे. या पुस्तकाचं मोठेपण इथेच आहे. ते लांडग्याला निर्दोष ठरवून मोकळं होत नाही. सांगणाऱ्याच्या शब्दावर किती विसंबायचं, हे सहा-सात वर्षांच्या मुलावर सोपवतं. मुलांच्या बुद्धीवर एवढा भरवसा टाकणारी पुस्तकं फार थोडी.

पुढे या गोष्टीला आणखी वाटा फुटल्या. ग्रीक लेखक युजीन ट्रिविझास यांनी १९९३ मध्ये भूमिकाच बदलल्या. त्यांच्या पुस्तकात लांडग्याची तीन गोजिरवाणी पिल्लं आहेत आणि घण, ड्रिल, सुरुंग घेऊन त्यांची घरं पाडणारं एक दांडगं डुक्कर. २००१ मध्ये डेव्हिड विस्नर यांच्या चित्रपुस्तकातली डुकरं तर लांडग्याच्या फुंकरीने चक्क गोष्टीच्या पानाबाहेर पडली. या पुस्तकाला पुढल्या वर्षी चित्रांसाठी दिलं जाणारं कॅल्डेकॉट पदक मिळालं.

अमेरिकेतल्या शाळांमध्ये मात्र शेस्कांच्या लांडग्यावर आजही खटले चालतात. मुलंच वकील होतात, पंचही मुलंच, आणि एखाद्या वर्गात तो सुटतो, तर एखाद्यात त्याला शिक्षा होते.